पहिला ब्रेक मागच्याला

अण्णा,

गेल्या सोमवारी कागलला तुमच्या घरी गेलो होतो. तुमच्या मुलाचं लग्न होऊन दोन महिने झाले असतील. सुनेनं मला पहिल्यांदाच बघितलं, तर तिनं सासूला, म्हणजे आक्कांना, हळूच विचारलं की हे कोण. आक्का गॅसपाशी उभ्या होत्या. चहा वर येत होता, त्याच्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "ह्येंच्या गाडीवर जोडीला हुतं की हे भावजी. लई हाका मारल्या त्येंनी त्या दिवशी. पर ह्येंची झोप म्हशीगत. उठलंच न्हाईत." सुनेनं माझ्याकडं बघून वाईट वाटल्यासारखी मान हलवली. मी चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला आणि निघालो.

हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय. आधी ते भेटायला येणाऱ्यांना सांगितलं गेलं, मग शेजारणींना, मग तुमच्या पोराला, तो विचारायच्या वयाचा झाल्यावर. पण त्या सगळ्यांनी तुम्हाला निदान बघितलं तरी होतं. या पोरीनं तुमचा भिंतीवरचा फोटो सोडून काही बघितलेलं नाही. तिच्या लेखी आता तुम्ही म्हणजे म्हशीसारखा झोपणारा आणि झोपेपायी मेलेला एक माणूस. मला बारीकसारीक गोष्टसुद्धा चुकीची सांगितलेली सोसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सतराचा पाना लागत असेल तिथं कुणी एकोणीसचा म्हणालं तर माझं जेवण गोड लागत नाही. आणि त्या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक तुमच्याबद्दल, एक माझ्याबद्दल. तुमची झोप म्हशीची नव्हती. आणि मी हाक मारली नव्हती.

मी सातवीत शाळा सोडली. त्यापुढचं सगळं माझं मी शिकलो. कबनूरला मागावर काम करताना बाद झालेला माग रात्रपाळी संपल्यावर उलगडून बघायचो, परत जोडायचो. गाडी शिकलो ती दुसऱ्यांचे पाय बघून. कानडी पाट्या वाचायला शिकलो मैलाच्या दगडांवरून, गुजराती अक्षरं दुकानांच्या बोर्डांवरून. कुणी पुढ्यात बसवून शिकवलं म्हणून मला काही आलं, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही, एक गोष्ट सोडून. ती तुम्ही शिकवली, आणि मारून शिकवली.

आपली पहिली फेरी आठवते का? कबनूरहून कापडाच्या गाठी भरून राजस्थानला. डबल ड्रायव्हर, चार तास तुम्ही, चार तास मी. मी अठ्ठावीस वर्षांचा, लायसन खिशात, आणि डोक्यात असं की या गाडीतलं मला न कळणारं काहीच नाही. सकाळी आठच्या सुमाराला, कराड मागं टाकल्यावर, कुत्रं आडवं आलं म्हणून मी करकचून ब्रेक मारला. तुम्ही मागच्या फळीवर झोपला होता. तुमचं कपाळ माझ्या सीटच्या पाठीमागच्या नळीवर आपटलं. मला वाटलं शिव्या येतील. तुम्ही उठून बसलात. गाडी कडेला घ्यायला लावली, मला म्हणालात मागं जाऊन झोप, आणि स्वतः स्टेअरिंगवर बसलात. मी आडवा झालो, जरा सुखावलोसुद्धा. गाडी चाळिसाला आली आणि तुम्ही ब्रेकवर उभे राहिलात. मी फळीवरून खाली. परत वर चढलो, परत गाडी चाळिसाला, परत तेच. अकरा वेळा. मी मोजले. चौथ्याला ओठ फुटला. सातव्याला कोपर पत्र्याच्या कडेवर फाटलं, तो वण अजून आहे. नवव्याला मी तुम्हाला आईवरून शिवी दिली, म्हणून दहावा आणि अकरावा जास्त जोराचे आले. मग तुम्ही गाडी थांबवली, मागं वळून बघितलं आणि विचारलं, "आता कळलं व्हय, मागं माणूस हाय त्ये?"

ओठातलं रक्त थुंकायला मी खाली उतरलो तर तुम्ही पण उतरलात, आपल्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी माझ्या ओंजळीवर घातलंत, आणि तिथंच उभ्याउभ्या ते वाक्य सांगितलंत जे मी पुढं सगळ्या जोडीदारांना सांगत आलो. पहिला ब्रेक मागच्याला, दुसरा रस्त्याला. म्हणजे पाय आधी नुसता टेकवायचा, हलका, भाकरीला पाणी लावल्यागत, की गाडी थोडी नाक खाली घालते आणि मागं झोपलेल्याच्या अंगाला कळतं की आता थांबणार. तो झोपेतच पाय ताणून फळीच्या टोकाला लावतो. मग दुसरा, खरा. दोन्हीत एक श्वासाचं अंतर. झोपलेल्या माणसाचा जीव त्या एका श्वासात असतो, म्हणालात.

तुमच्याइतका मारका माणूस मी या लाईनला बघितला नाही, आणि तुमच्याइतका मऊ पाय पण नाही. क्लच असा सोडायचा की गाडी कधी हलली ते मागच्याला कळायचं नाही. रस्ता उखडलेला असला की दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात न घालता तिरकी घालायचा, त्यानं गाडीला वेळ लागायचा, तरी. माझी पाळी झोपेची असली की तुम्ही तंबाखूची पिंक टाकायला खिडकीची काच खालीवर करायचा नाहीत, काच करकरते म्हणून. डबा घेऊन बसायचा. पाळी बदलताना सीट माझ्या पायाच्या मापानं पुढं सारून ठेवायचा. आणि उठवायचं कसं? हाक मारून नाही. हाकेनं माणूस दचकतो आणि दचकलेल्या माणसाच्या हातात गाडी द्यायची नाही. तळपायाला हात लावून धरायचं, तो आपोआप डोळे उघडेपर्यंत. तुम्हाला तर तेही लागायचं नाही. माझा पहिला ब्रेक टेकला की मागून तुमचा आवाज यायचा, "काय आलं रं?" दर वेळी. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही. ही तुमची म्हशीची झोप.

एक दिवस गुजरातेत मला ताप भरला. दुपारची वेळ, डिझेलच्या पंपावर पन्नासेक गाड्यांची रांग, आणि मी मागं वाकळीत कुडकुडत पडलेला. आपल्या मागच्या गाडीवाला सारखा प्रेशर हॉर्न दाबत होता. रांग काय त्यानं सरकणार होती? तुम्ही दोनदा उतरून गेलात, हात जोडून म्हणालात, भाई, मेरा आदमी सोया है, बुखार है उसको. तो हसला आणि अजून लांब दाबला. तिसऱ्यांदा जाताना तुम्ही सीटखालची टॉमी काढलीत, टायर खोलायचा तो हातभर लोखंडी दांडा. त्याला कॉलरला धरून खाली ओढलंत आणि ज्या हातानं हॉर्न दाबत होता तो हात त्याच्याच बोनेटवर ठेवून वरून हाणलात. दोन घाव. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. हॉर्ननं मी उठलो नव्हतो, त्या माणसाच्या बोंबलण्यानं उठलो आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तुम्ही मला बघितलंत. तुमचं तोंड पडलं. मग त्या माणसाकडं वळून "बघ, उठीवलास त्येला" म्हणून अजून एक घाव घातलात, खांद्यावर. त्या दिवशी आपण डिझेल न घेताच पळालो. मी तापात हसत होतो आणि तुम्ही मला झोप म्हणून दटावत होता.

मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. आज लिहिताना वाटतं. त्या माणसाचा हात पुढं चालला का, त्याला परत गाडी धरता आली का, हे मी कधी विचारलं नाही, तुम्हीही नाही.

आणि तुमचं स्वयंपाकघर. पहिल्या वर्षीच तुम्ही मला जेवायला घेऊन गेलात. आमचं घर बौद्धांचं, तुमच्या गळ्यात लिंग. सकाळी कुठल्या का नळावर असेना, आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन बसल्याशिवाय तुम्ही चहा घ्यायचा नाहीत. आक्कांनी पाट मांडला, भाकरी वाढली, वांगं वाढलं, शेंगदाण्याची चटणी वाढली. पाणी तेवढं वेगळ्या पेल्यात आलं. तो पेला खिडकीत एकटाच ठेवलेला मी आत येतानाच बघितला होता. मला सवय होती. तुम्ही तो उचललात आणि पाण्यासकट भिंतीवर मारलात. मांडणीवरची दोन पातेली खाली आली. आक्का उलथनं हातात धरून तशाच. तुम्ही ओरडला नाहीत, तेच जास्त वाईट होतं. म्हणालात, "ह्यो गाडी चालीवतोय तवा माझा जीव ह्येच्या पायात असतोय. आणि तू पेला येगळा ठेवतीस?" आणि ताटावरून उठून गेलात. मला तुमचा पण राग आला होता, खरं सांगतो. माझ्या पाण्यापायी एका बाईच्या डोक्यावरून भांडं गेलेलं मला आवडलं नव्हतं. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी तुमचा पेला विसळला, भरला आणि माझ्यापुढं ठेवला, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्या घरात मला वेगळं काही आलेलं नाही. म्हणून त्यांच्यापुढं खोटं बोलणं मला जास्त जड गेलं असेल असं तुम्हाला वाटेल. गेलं नाही. सोपं गेलं.

आता तो दिवस. राजस्थानातून येताना फरशी भरलेली, नऊ टन. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर. गावाचं नाव लिहीत नाही. तुमची पाळी दुपारी दोनला संपली होती. जानेवारीचा महिना, दोन्ही बाजूला ऊस उभा. डॅशबोर्डवरचं घड्याळ मी स्वतः बसवलेलं, दर आठवड्याला रेडिओवर मिळवून घ्यायचो, त्यात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तुम्ही वाकळ घेऊन आडवे, उजवा पाय बाहेर. कायम उजवाच. डाव्या हाताच्या पाणंदीतून एक सायकलवाला निघाला. कॅरियरवर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा आडवा बांधलेला, एवढा मोठा की त्याला मागचं काही दिसत नव्हतं. तो सरळ डांबरावर आला. माझ्या आणि त्याच्यात साडेतीन गाड्यांचं अंतर, वेग पंचेचाळीस. त्यानंतर हे गणित मी किती वेळा मांडलं ते सांगत नाही. पाय सरळ दाबला असता तर गाडी त्याच्या अलीकडं दोन हात थांबली असती. मी सरळ दाबला नाही. मी पहिला मागच्याला दिला. ठरवून नाही; पायच तसा झाला होता. हलका टेकवला, एक श्वास, मग दुसरा. गाडी थांबली ती त्याला घेऊन. बंपरनं भारा उचलला, माणूस वाढ्यासकट फेकला गेला आणि चारीच्या कडेला पडला. नडगी मोडून हाड बाहेर आलेलं मला सीटवरून दिसत होतं. तो ओरडायला लागला. ओरडतोय म्हणजे जिवंत आहे, एवढं मला कळलं.

आपल्या धंद्यात असा धक्का बसला की ड्रायव्हर पळतो. भित्रा म्हणून नाही. जिवंत चौकीवर पोचायचं म्हणून. आदी पळायचं, मग हजर व्हायचं, हे तुम्हीच सांगितलं होतं. दोघं असले तर दोघांनी पळायचं, हे वेगळं सांगायची तुम्हाला गरज वाटली नव्हती.

पुढच्या टपरीवरून माणसं धावत निघाली होती. उसातून पण आवाज येत होते. मी दार उघडलं, पायदानावर एक पाय ठेवला आणि मागं बघितलं. विसरलो असं म्हणायची सोय आहे, पण मी विसरलो नव्हतो. मी मागं बघितलं. वाकळ दिसली, बाहेर आलेला पाय दिसला. तो हलला नव्हता. तो पाय माझ्यापासून दीड हातावर होता. हाक नको होती, नुसता धरला असता तरी पुरलं असतं. तुम्ही उठाल, काय आलं रं विचाराल, चप्पल शोधाल, आणि तेवढ्यात ती माणसं पोचतील, असं माझ्या मनात आलं. हे एक. दुसरंही आहे. गाडीत एक माणूस सापडला तर ते उसात दुसरा शोधायला येणार नाहीत. हा विचार मला पायदानावर आला की उसात पडल्यावर, हे मला बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. घड्याळाचा काटा सांगणाऱ्या माणसाला एवढं सांगता येत नाही. मी उडी मारली.

चाळीस पावलं आत जाऊन मी सरीत पालथा पडलो. उसाच्या दोन ठोंबांमधून गाडीचं उघडं दार दिसत होतं. त्यांनी तुम्हाला पायाला धरून ओढलं. डोकं आधी सीटवर, मग पायदानावर, मग डांबरावर, तिन्ही आवाज वेगळे. वाकळ तुमच्याबरोबर खाली आली. कुणीतरी छातीवर पाय दिला आणि विचारलं, "डायवर कोन हाय? बोल, डायवर कोन?" तुम्ही एका कोपरावर उठलात. सायकलवाल्याकडं बघितलंत. गाडीच्या उघड्या दाराकडं बघितलंत. आणि म्हणालात, "मीच हाय की."

पहिला दगड तोंडावर बसला. मग काठ्या, मग लाथा. एकजण गाडीत चढला आणि सीटखालची टॉमी घेऊन उतरला. तिचा आवाज मला ओळखता येतो. फरशीवर वेगळा, टायरवर वेगळा, माणसावर वेगळा. ज्या माणसानं एका हॉर्नपायी दुसऱ्याचं हाड मोडलं होतं त्यानं हात वर केला नाही. एकालाही शिवी दिली नाही. मी दिली असती. मी वाट बघत होतो की तुम्ही उठाल, दोघांना लोळवाल, तुम्हाला ते सहज जमलं असतं. तुम्ही कुशीवर वळून डोकं दोन्ही हातांत घेतलंत, बस. ते हात पण मोडले. टॉमीचे घाव मी एकवीसपर्यंत मोजले आणि मोजायचं सोडलं. तोंडात माती कोंबून मी पडून होतो. कुणी उसात आलं नाही.

चौकीवर मी संध्याकाळी हजर झालो आणि गाडी मी चालवत होतो असं लिहून दिलं. केस माझ्यावर झाली, जे काय भोगायचं ते भोगलं. तिथं मी एक अक्षर खोटं बोललो नाही. खोटं राहिलं ते फक्त तुमच्या घरात.

तुम्ही कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात तीन दिवस काढलेत. जबडा तुटलेला, बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकीतून जामिनावर सुटून आल्यावर, मला आत सोडलं. तुमचं तोंड मला ओळखता आलं नाही, पायावरून ओळखलं. तुम्ही एक डोळा उघडलात, प्लास्टरमधून बाहेर आलेला तळहात गादीवर हलकेच टेकवलात, एक श्वास थांबलात, आणि मग जोरात दाबलात. परत एकदा तसंच केलंत. पहिला दिला होतास का, असं तुम्ही विचारताय असं मला वाटलं. मी मान हलवली. दिला होता. तेवढ्यात पलीकडून आक्का म्हणाल्या, "भावजी, तुमी हाक मारलीसा न्हवं ह्येस्नी?" आणि मी मान हलवली. त्याच मानेनं. मधी श्वासाचं पण अंतर नव्हतं. तुम्ही डोळा मिटलात.

वर्षानं मी त्या गावी गेलो होतो. हे कुणाला माहीत नाही. पिशवीत तीच टॉमी, गाडी सुटल्यावर परत मिळालेली. एकाला तरी आडवा करायचा, मग माझं काय व्हायचं ते होवो, एवढंच ठरवलेलं. टपरीवरचा माणूस म्हणाला, "या पावणं, बसा की. कुठलं गाव?" मी कबनूर म्हणालो. त्यानं चहा ओतला, आणि मी न विचारताच सांगायला लागला की ह्या वळणावर जपून जावा, गेल्या साली हितं एका डायवरला लोकांनी मारला. मारणारी निम्मी माणसं लांबची होती, म्हणाला, कोण कुठलं कुणाला म्हाईत. सायकलवाला आता काठी टेकत फिरतो, बरा हाय. मग कपबशी पुसत म्हणाला, "आवं, त्यो चालीवतच नव्हता म्हनं. चालीवणारा दुसराच. झोपलेल्या मानसाला टाकून पळाला भाड्या." मी म्हणालो, "व्हय?" चहा गोड होता, मी सगळा प्यायलो. पिशवी उचलून स्टँडवर आलो. मारायला गेलेल्या माणसाला ज्याला मारायचं तो सापडला होता, आणि त्याला हात लावायची माझ्यात धमक नव्हती.

तेव्हापासून माझ्याकडं नऊ जोडीदार झाले. आता गाडी माझी स्वतःची आहे, बारा चाकी, मागं गादी, पंखा, पडदा. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात म्हणतात, जोडीला माणूस असावा तर असा, ह्याच्या गाडीत माणूस घरच्यासारखा झोपतो. मला ते ऐकायला आवडतं, कशाला खोटं बोलू. नवीन आलेल्याला मी तुमचं वाक्य सांगतो आणि एक माझं जोडतो: धक्का बसला की आदी मागच्याचा पाय धर, मग दार उघड. चार वर्षांपूर्वी एक जोडीदार टोलनाक्यावर भांडण झालं म्हणून मला झोपलेला सोडून गाडीतून उतरून गेला, नुसता वीस पावलं, तर मी उठून त्याला इतका मारला की त्याचा पुढचा दात गेला. तो म्हणत होता, काका, कायतरी झालंय का, कशापायी मारताय? दुसऱ्या दिवशी त्याची पाळी झोपेची होती. मी तीनशे किलोमीटर एकही हॉर्न दिला नाही.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते विचारतो. तुमचा तो हात गादीवर टेकला तेव्हा तुम्ही मला विचारत होता की सांगत होता? पहिला ब्रेक मला कळला, असं तुम्ही सांगत होता का? कारण तो तुम्हाला कायम कळायचा. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही. त्या दिवशी मागून "काय आलं रं" आलं नाही, आणि मी ते तुमच्या झोपेवर घातलं. पण मी पायदानावर उभा राहून तुमच्याकडं बघत होतो तेव्हा तुम्ही जागे असाल तर? डोळे मिटून पडून राहिला असाल, हा काय करतो बघत, किंवा हा जाऊ दे म्हणून? "मीच हाय की" हे झोपेतून ओढून काढलेल्या माणसाचं बोलणं नव्हतं, अण्णा. आवाज स्वच्छ होता. मी चाळीस पावलांवर होतो, मला ऐकू आलं.

तुम्ही सांगणार नाही. आक्कांना मात्र सांगता येईल. हाक मारली नव्हती, आणि ह्यांची झोप कशी होती ते खरं खरं सांगतो, एवढी दोनच वाक्यं. त्यांनी मला हाकलून दिलं तरी चालेल, पण त्या पोरीच्या डोक्यातून ती म्हैस निघेल. तोंडानं जमत नाही, म्हणून एकदा वाटलं होतं, लिहून त्यांच्याच पत्त्यावर टाकावं. पण आक्कांना वाचता येत नाही. घरी कागद आला की तो त्या डब्याखाली जपून ठेवतात आणि मला फोन करतात, पोरगा घरात असला तरी मलाच, कारण मी अक्षर न अक्षर वाचतो, मधलं काही सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा कागद गेला तर तोही मलाच वाचायला लागेल, त्यांच्यासमोर बसून. आणि मी ते हाकेचं एक वाक्य सोडून पुढचं वाचीन, अण्णा. मला मी माहीत आहे.